अणुसंमीलन: तोल कोण सांभाळणार?

२०२५ च्या जानेवारीत चीनच्या ‘ईस्ट’ टोकामॅकने, म्हणजे कड्याच्या आकाराच्या संमीलन-यंत्राने, प्लाझ्मा (अतितप्त, विद्युतभारित वायू) १,०६६ सेकंद टिकवला, फेब्रुवारीत फ्रान्सच्या ‘वेस्ट’ने १,३३७ सेकंदांपर्यंत मजल मारली, आणि आपल्याकडे अणुसंमीलनावरचा, म्हणजे अणूंची हलकी केंद्रकं जोडून वीज मिळवण्यावरचा, जुना वाद नव्याने सुरू झाला. मुंबईत विज्ञानावरचं मराठी व्याख्यान कुठल्याही विषयावर असो, प्रश्नोत्तरांत तो हमखास निघतो. बाजू ठरलेल्या आहेत. एका बाजूच्या मते संमीलन उंबरठ्यावर आलंय, चीन-फ्रान्स पुढे गेले आणि आपण झोपलोय. दुसरी बाजू म्हणते, हे सत्तर वर्षं ऐकतोय. ही वीज कायम तीस वर्षं लांबच असते, तेव्हा तिचा नाद सोडा आणि छपरांवर सौरपट्ट्या लावा. आवाज दोन्हीकडे चढलेला असतो, पण मोजपट्टी एकच असते: किती कोटी अंश, किती सेकंद, किती मेगाज्यूल. या मोजपट्टीने मोजत राहिलो तर आणखी वीस वर्षं भांडूनही काही ठरणार नाही. चुंबकीय क्षेत्रात कोंडलेल्या प्लाझ्माचा तोल जाणार आहे हे आधी ओळखता येतं का? ओळखल्यावर तो सावरता येतो का? आणि सावरला नाहीच, तर यंत्राला इजा न होता त्याला विझवता येतं का? संमीलनाची वीज कधी येणार, किंवा येणार की नाही, हे या तीन प्रश्नांवर ठरेल. भारताने या क्षेत्रात जो पैसा आणि जी माणसं लावायची, ती सर्वांत आधी इथे लावावीत असं माझं म्हणणं आहे, आणि त्यात मुंबईचा वाटा आज दिसतो त्याहून पुष्कळ मोठा असायला हवा.

विक्रमांचंच बघा. ‘वेस्ट’ची ती बावीस मिनिटं साधारण दोन मेगावॅट तापनशक्तीवर आणि सुमारे पाच कोटी अंशांवर चालली. इंग्लंडमधल्या ‘जेट’ टोकामॅकने २०२१ मध्ये ५९ मेगाज्यूल संमीलन-ऊर्जा मिळवली ती पाच सेकंदांत, २०२३ मध्ये, कायमचं बंद होण्याआधी, ६९ मेगाज्यूल. यांतलं मोठं कोण? सेकंद मोजले तर एक जिंकतं, ज्यूल मोजले तर दुसरं. आपल्या स्थैर्याच्या मर्यादेपासून प्लाझ्मा किती अंतरावर चालवला जात होता, हे कळल्याशिवाय या आकड्यांची तुलनाच होत नाही. मर्यादेपासून दूर, मंद आचेवर प्लाझ्मा तासभर टिकवणं हेही अभियांत्रिकीचं मोठं काम आहे. पण वीजकेंद्राला ती चैन परवडत नाही. त्याला मर्यादेला खेटून चालावं लागेल, कारण ऊर्जेचं उत्पन्न प्लाझ्माच्या दाबाच्या वर्गाने वाढतं. जिथे उत्पन्न सर्वाधिक, तिथेच तोल सर्वांत नाजूक. बातम्यांतून गळतं ते नेमकं हेच.

तोल जातो म्हणजे काय होतं? ड्युटेरियम आणि ट्रिटियम या हायड्रोजनच्या जड रूपांची केंद्रकं एकत्र यायची तर टोकामॅकमध्ये सुमारे पंधरा कोटी अंश तापमान लागतं, सूर्याच्या गाभ्याच्या दहापट. मध्यभागी एवढी उष्णता आणि तिथून एक-दोन मीटरवर धातूची भिंत. शिवाय या वायूतून प्रचंड विद्युतप्रवाह वाहत असतो. दक्षिण फ्रान्समध्ये उभ्या राहत असलेल्या आयटर या आंतरराष्ट्रीय प्रायोगिक टोकामॅकमध्ये तो दीड कोटी अँपिअर असेल. दाबाचा हा तीव्र उतार आणि हा प्रवाह, दोन्हींत साठलेली ऊर्जा बाहेर पडायला वाट शोधत असते, आणि वाटा अनेक आहेत. प्रवाह चुंबकीय क्षेत्राच्या मानाने वाजवीपेक्षा वाढला तर प्लाझ्माचं अख्खं कडं पीळ पडल्यासारखं वाकडं होतं. आतल्या थरांत चुंबकीय रेषा तुटून वेगळ्याच जोडल्या गेल्या तर ‘चुंबकीय बेटं’ तयार होतात, आणि गाभ्यातली उष्णता त्यांच्यातून झटकन बाहेर निसटते. उभट आकार दिलेला प्लाझ्मा वर किंवा खाली सरकू लागला की आपोआप थांबत नाही, सरकतच जातो. आणि सगळं सुरळीत चालू असतानाही कडेला ठरावीक अंतराने उसळ्या येतात, ज्यांना या क्षेत्रातले लोक ‘एल्म’ म्हणतात. प्रत्येक उसळीला भिंतीवर उष्णतेचा फटका बसतो.

यांतलं एखादं अस्थैर्य हाताबाहेर गेलं की ‘डिसरप्शन’ होतं, म्हणजे प्लाझ्मा कोसळतो. आयटरच्या प्लाझ्मात सुमारे ३५० मेगाज्यूल उष्णता असेल. विजेच्या बिलाच्या भाषेत हे जेमतेम ९७ युनिट, पहिल्या स्लॅबच्या आतलंच. पण डिसरप्शनमध्ये ती एक-दोन मिलिसेकंदांत बाहेर पडते. त्या क्षणापुरती शक्ती भारताच्या २०२४ च्या उन्हाळ्यातल्या कमाल वीजमागणीच्या, म्हणजे सुमारे २५० गिगावॅटच्या, पंगतीत जाऊन बसते. त्यापाठोपाठ प्रवाह कोसळतो, भिंतींत आणि आधारांत जबर बलं निर्माण होतात, आणि काही इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या वेगाच्या जवळ पोचून निसटतात. अशा निसटत्या इलेक्ट्रॉनांनी ‘जेट’मध्ये बेरिलियमच्या फरशा वितळवल्या आहेत. जैतापूरच्या वादामुळे आपल्याकडे अणुऊर्जा म्हटलं की लोकांच्या सुरक्षेचा प्रश्न आधी येतो, म्हणून इथे एक गोष्ट नीट सांगायला हवी. डिसरप्शनमध्ये साखळी-प्रक्रिया भडकत नाही. तोल गेला की संमीलन थांबतं. धोका यंत्राला आहे. पण ज्या वीजकेंद्राच्या भिंतीला वर्षातून चार वेळा असा फटका बसेल, ते चालवायला कुठली कंपनी पुढे येईल आणि कुठली बँक त्याला कर्ज देईल?

दहीहंडीत वर्तमानपत्रं थर मोजतात. जुने गोविंदा मात्र पथकाची पारख ते थर उतरवतं कसे यावरून करतात. संमीलनाच्या बाबतीत आपण अजून वर्तमानपत्रासारखे थरच मोजतोय.

‘कायम तीस वर्षं लांब’ म्हणणाऱ्यांची बाजू आता त्यांच्याच ताकदीने मांडतो, कारण तिच्यात तथ्य आहे आणि तिचं मूळ आपल्या मुंबईपर्यंत पोचतं. १९५५ च्या ऑगस्टमध्ये जिनिव्हात संयुक्त राष्ट्रांची अणुऊर्जेच्या शांततामय वापरावरची पहिली परिषद भरली. अध्यक्षपदावरून होमी भाभांनी भाकीत केलं, की येत्या दोन दशकांत संमीलनाची ऊर्जा नियंत्रितपणे मोकळी करण्याची पद्धत सापडेल, आणि मग जगाचा ऊर्जेचा प्रश्न कायमचा सुटेल. ट्रॉम्बेची ‘अप्सरा’ अणुभट्टी सुरू व्हायला तेव्हा अजून वर्ष बाकी होतं. १९७५ आलं आणि गेलं. त्याआधीच, १९५८ च्या जानेवारीत, इंग्लंडमध्ये हारवेलच्या ‘झीटा’ यंत्राने पन्नास लाख अंश गाठून संमीलन साधल्याची घोषणा झाली, जगभर मथळे झळकले, आणि मे महिन्यात ती मागे घ्यावी लागली. यंत्रातून निघणारे न्यूट्रॉन उष्णतेमुळे झालेल्या संमीलनाचे नव्हतेच. प्लाझ्मातल्या अस्थैर्याने जी विद्युतक्षेत्रं निर्माण केली, त्यांनी काही कणांना वेग दिला आणि न्यूट्रॉन त्या कणांमुळे निघाले. एवढा इतिहास पाठीशी असताना सामान्य करदात्याने नव्या घोषणेकडे संशयाने पाहिलं, तर त्याला विज्ञानविरोधी म्हणण्याचा अधिकार कोणालाही नाही.

पण याच इतिहासातून निघणारा निष्कर्ष संशयवाद्यांच्या विरुद्ध जातो. भाभा कुठे चुकले? इंधन मुबलक आहे, समुद्रात आहे, हे त्यांचं म्हणणं आजही खरं आहे. केंद्रकं एकत्र येतात आणि ऊर्जा देतात, हेही खरं. १९५५ मध्ये हे काम प्रत्येक देशात गुप्त होतं, आणि बंद दरवाज्यांआड प्रत्येक प्रयोगशाळेला एकाच दुखण्याने गाठलं होतं: प्लाझ्मा जागेवर राहत नव्हता. १९५८ मध्ये जिनिव्हाच्या दुसऱ्या परिषदेत गुप्ततेचा पडदा उठला आणि सगळ्यांना आपलं दुखणं दुसऱ्याच्या यंत्रातही दिसलं. तोपर्यंत अमेरिकेत मार्टिन क्रुस्कल आणि सोव्हिएत रशियात वितालि शाफ्रानोव्ह यांनी, एकमेकांशी संपर्क नसताना, प्रवाहाची ती मर्यादा काढली होती जी ओलांडली की कड्याला पीळ पडतो. टोकामॅक यशस्वी झाला तो ही मर्यादा पाळली म्हणून. १९६८ मध्ये रशियनांनी ‘टी-३’ टोकामॅकचं एक कोटी अंशांच्या आसपासचं तापमान जाहीर केलं तेव्हा पश्चिमेत कोणाचा विश्वास बसेना, १९६९ मध्ये इंग्लंडच्या कलहॅमचे शास्त्रज्ञ लेझरची उपकरणं घेऊन मॉस्कोला गेले, शीतयुद्ध चालू असताना तिथे राहून त्यांनी मोजलं, आणि आकडा खरा निघाला. थट्टेचा विषय झालेल्या ‘झीटा’चाही शेवट तिथे झाला नाही. त्याच्या शॉटमध्ये, म्हणजे एकेका प्रयोगात, मध्येच जो शांत काळ दिसायचा, त्याचा छडा लावताना प्लाझ्मा स्वतःहून स्थिर रचनेकडे कसा जातो याचा सिद्धांत पुढे १९७४ मध्ये हाती आला. सत्तर वर्षांत वीज आली नाही हे खरं. सत्तर वर्षांत काहीच झालं नाही, हे म्हणणं मात्र धादांत खोटं आहे.

आकाशात उडण्याचा इतिहास मला इथे फार जवळचा वाटतो. सॅम्युएल लँगली हा अमेरिकेतला प्रतिष्ठित शास्त्रज्ञ. सरकारने त्याला पन्नास हजार डॉलर दिले. त्याच्या विमानाचं इंजिन ५२ अश्वशक्तीचं होतं, त्या काळाच्या मानाने अद्भुत. १९०३ च्या ऑक्टोबरात आणि पुन्हा ८ डिसेंबरला ते विमान पोटोमॅक नदीत कोसळलं. नऊ दिवसांनी राइट बंधू उडाले, घरगुती बनावटीच्या १२ अश्वशक्तीच्या इंजिनावर. विल्बर राइटने १९०१ मध्येच शिकागोच्या अभियंत्यांना सांगितलं होतं, की पंख कसे करायचे आणि इंजिन कसं करायचं हे बरंचसं कळलंय. राहिलाय तो तोल सांभाळण्याचा आणि वळवण्याचा प्रश्न, आणि तो सुटला की उड्डाणाचं युग आलंच. आपलं विमान आपणहून स्थिर राहावं असा आग्रह या भावांनी धरला नाही. ते जात्याच डळमळीत होतं आणि चालवणाऱ्याने क्षणोक्षणी सावरायचं होतं. आजचा टोकामॅक याच मार्गाने जातो. गोल काटछेदाचा प्लाझ्मा उभ्या दिशेने बऱ्यापैकी स्थिर असतो. तरीही तो मुद्दाम उभट केला जातो, कारण उभट प्लाझ्मात जास्त प्रवाह आणि जास्त दाब मावतो. तो लगेच वर-खाली घसरू पाहतो. मोकळा सोडला तर ही घसरण मायक्रोसेकंदांत होईल आणि कुठलंही नियंत्रण पुरं पडणार नाही. पण भोवतीच्या धातूच्या भिंतीत उलटे प्रवाह उमटतात आणि घसरणीचा वेग हजारपटीने मंदावतात. मिलिसेकंद हाती येतात, आणि तेवढा वेळ मोजमाप, गणित आणि कॉइलमधला प्रवाह बदलणं यांना पुरतो. अस्थैर्य पत्करून त्याला वेसण घालण्याचं याहून देखणं उदाहरण मला दुसरं माहीत नाही.

हीच रीत पुढे एकेका अस्थैर्याला लागू पडत गेली. १९८२ मध्ये जर्मनीत गार्चिंगच्या ‘ॲसडेक्स’वर फ्रिट्झ वाग्नर यांना असं दिसलं, की तापनशक्ती एका पातळीच्या वर नेली की प्लाझ्माच्या कडेला अडसर तयार होतो आणि उष्णता जवळजवळ दुप्पट वेळ टिकते. त्या सुखाबरोबर एल्मच्या उसळ्या आल्या. त्यांवरचा उपाय अमेरिकेतल्या ‘डीथ्री-डी’ यंत्रावर सापडला: कडेच्या चुंबकीय क्षेत्रात जाणूनबुजून छोटासा विस्कोट घडवायचा, म्हणजे दाब साठून उसळी येण्याआधीच तो झिरपून जातो. आयटरच्या पात्रात केवळ या कामासाठी २७ कॉइल बसवायच्या आहेत. चुंबकीय बेटांवर सूक्ष्मलहरींचा झोत नेमका त्या बेटात सोडून हरवलेला प्रवाह भरून काढला जातो, आणि बेट आक्रसतं. सगळे उपाय हरले तर गोठवलेल्या हायड्रोजन-निऑनच्या गोळ्यांचा चुरा प्लाझ्मात फेकून ऊर्जा प्रकाशाच्या रूपात सर्व बाजूंना पसरवायची, म्हणजे एकाच जागी भिंत भाजत नाही. यातलं काहीही तापमानाच्या बातमीत येत नाही.

दुसरा आक्षेप पैशाचा. भारताला वीज आत्ता हवी आहे, संमीलन २०३० च्या दशकात एकही दिवा लावणार नाही. मान्य, पूर्णपणे मान्य. आयटरच्या २०२४ च्या सुधारित वेळापत्रकात संशोधनाची सुरुवात २०३४ ला आणि ड्युटेरियम-ट्रिटियमचे प्रयोग २०३९ ला आहेत, आणि ते यंत्र वीज बनवणारही नाही. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात छोट्या अणुभट्ट्यांच्या संशोधनासाठी वीस हजार कोटी ठेवले, ते विखंडनासाठी, म्हणजे अणू फोडून मिळणाऱ्या ऊर्जेसाठी, ठेवले यात गैर काहीच नाही. संमीलनाच्या नावाने सौर किंवा विखंडन-ऊर्जेचा एक रुपयाही अडवू नये. पण या आक्षेपातून ‘म्हणून संमीलन सोडा’ हे निघत नाही. ‘म्हणून जे करायचं ते निवडून करा’ एवढंच निघतं. नियंत्रणाचं काम माणसांवर, मोजमापाच्या उपकरणांवर, वेगवान इलेक्ट्रॉनिक्सवर आणि यंत्र चालवण्याच्या तासांवर चालतं. हातात असलेल्या यंत्रावर ते करायला महाकाय यंत्र बांधण्याच्या तुलनेत किरकोळ खर्च येतो, आणि अशी तयार झालेली माणसं वीज-ग्रिडपासून उपग्रहांपर्यंत कुठेही उपयोगी पडतात.

तिसरा आक्षेप जाणकारांचा आहे आणि मला तो सर्वांत वजनदार वाटतो. ते म्हणतात, तोल सुटेलही. खरी गोम भिंतीत आणि इंधनात आहे. १४ मेगा-इलेक्ट्रॉनव्होल्टचे न्यूट्रॉन वर्षानुवर्षं सोसणारा धातू कुठे आहे? ट्रिटियमचं अर्धायुष्य बारा वर्षांचं, निसर्गात ते नाहीसारखंच. ते अणुभट्टीच्या भोवतीच्या लिथियमच्या वेष्टनात बनवावं लागणार, आणि हे पूर्ण प्रमाणावर अजून कोणी करून दाखवलेलं नाही. या प्रश्नांना नियंत्रणाचं कितीही उत्तम गणित उत्तर देणार नाही, हे कबूल करायलाच हवं. तरी हे प्रश्न तोलापासून वेगळे काढता येत नाहीत. ट्रिटियम पुरेसं बनायचं तर न्यूट्रॉन वेष्टनापर्यंत पोचले पाहिजेत, म्हणून पुढची भिंत पातळ हवी. डिसरप्शनचा फटका सोसायचा तर तीच भिंत जाड हवी. या ओढाताणीतून सुटण्याचा मार्ग एकच: फटके जवळजवळ नाहीसे करणं. भिंतीचा अभियंता किती पातळ भिंत मागू शकतो, हे तोल सांभाळणारा ठरवतो.

‘मग टोकामॅकच कशाला?’ हा प्रश्न हल्ली वाढलाय. लायमन स्पिट्झरने १९५१ मध्ये प्रिन्स्टनला मांडलेल्या स्टेलरेटर या दुसऱ्या धाटणीच्या चुंबकीय यंत्रात प्लाझ्मातून मोठा प्रवाह वाहवावा लागत नाही, त्यामुळे तशी डिसरप्शनं होत नाहीत. जर्मनीतलं ‘व्हेंडेलश्टाइन ७-एक्स’ २०१५ पासून चालू आहे आणि २०२३ मध्ये त्याने प्लाझ्मा आठ मिनिटं टिकवला. हा मार्ग मला मोलाचा वाटतो. पण त्याची किंमत बघा: वेड्यावाकड्या वळणाच्या ५० अतिसंवाहक कॉइल, प्रत्येकीचा आकार महासंगणकावर ठरवलेला, आणि जोडणीला दहा लाखांहून जास्त मनुष्यतास. टोकामॅकमध्ये तोल चालता चालता सांभाळायचा, स्टेलरेटरमध्ये तो आधीच पोलादात आणि तांब्यात घडवून ठेवायचा. अस्थैर्य समजून घेण्याचं गणित दोन्हीकडे तेच.

राहता राहिली कृत्रिम बुद्धिमत्ता. २०२२ मध्ये गूगलच्या डीपमाइंड कंपनीच्या आणि स्वित्झर्लंडच्या शास्त्रज्ञांनी ‘टीसीव्ही’ टोकामॅकच्या १९ कॉइल एका स्वयंशिक्षित प्रणालीच्या हाती दिल्या. सेकंदाला दहा हजार वेळा निर्णय घेत तिने प्लाझ्माला हवे ते आकार दिले. २०२४ मध्ये प्रिन्स्टनच्या गटाने ‘डीथ्री-डी’वर चुंबकीय बेट उगवण्याची शक्यता ३०० मिलिसेकंद आधी ओळखून ते टाळून दाखवलं. यावरून काहीजण म्हणतात, आता यंत्रच शिकेल, आपण कशाला शिकायचं? या प्रणाली शिकतात कशावर, हे विचारलं की या युक्तिवादाची हवा जाते. त्या हजारो शॉटच्या नोंदींवर शिकतात, आणि त्यांत कोसळलेले शॉट हवेच असतात. आयटरला शिकण्यासाठी कोसळणं परवडणार नाही. म्हणून पडलं तरी चालेल अशी छोटी यंत्रं जगाला आज पूर्वीपेक्षा जास्त हवी आहेत, आणि असं एक यंत्र आपल्याकडे १९८९ पासून आहे.

गांधीनगरच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेतलं ‘आदित्य’, आताचं ‘आदित्य-यू’, आकाराने लहान आहे. त्याच्या कड्याची मुख्य त्रिज्या पाऊण मीटर, आयटरची ६.२ मीटर. पण कामाचा दर्जा बघा. टोकामॅकच्या कडेची खळबळ मधूनच, झटक्याझटक्याने येते, हे १९९२ मध्ये आदित्यवर दाखवलं गेलं. डिसरप्शनचं भाकीत न्यूरल नेटवर्कने करण्याचं आदित्यवरचं काम २००० मध्ये प्रसिद्ध झालं, जेव्हा कृत्रिम बुद्धिमत्तेचा आजचा गाजावाजा कोणाच्या स्वप्नातही नव्हता. आणि २०१४ मध्ये इथल्याच शास्त्रज्ञांनी दाखवलं, की प्लाझ्माच्या कडेला विद्युतदाब दिलेला एक इलेक्ट्रोड ठेवून येऊ घातलेलं डिसरप्शन टाळता येतं. या संस्थेचे पहिले संचालक प्रेधिमान कृष्ण काव यांनी आधी अहमदाबादला लावलेल्या रोपाची ही फळं. यातली किती नावं आपल्या वादात कधी ऐकू येतात?

ऐकू येतो तो क्रायोस्टॅट. आयटरचं यंत्र ज्याच्या पोटात बसतं ते ३,८५० टनांचं पोलादी निर्वात पात्र बॅलार्ड इस्टेटमध्ये मुख्यालय असलेल्या लार्सन अँड टुब्रोने हजिऱ्याला घडवलं, आणि त्याचा अभिमान मलाही आहे. भारत आयटरच्या बांधकामात सुमारे ९ टक्के वाटा उचलतो आणि ज्ञान सगळं मिळतं, हा हिशेबही कागदावर बरोबर आहे. पण क्रायोस्टॅट प्लाझ्माला कधी शिवत नाही. तोल सांभाळण्याची विद्या आराखड्यांच्या देवाणघेवाणीतून येत नाही. ती कंट्रोल रूममध्ये शॉटमागून शॉट बघून, कुठला संकेत खोटा आणि कुठला खरा हे ओळखायला शिकून येते. २०३४ ला आयटर सुरू होईल तेव्हा त्या खोलीत आपली किती माणसं बसतील, हे आज कोणाला तालीम मिळते त्यावर ठरेल.

आणि इथे मुंबईचा संबंध येतो. गांधीनगरच्या संस्थेचा पैसा ज्या अणुऊर्जा विभागातून जातो, त्याचं मुख्यालय गेटवेजवळच्या अणुशक्ती भवनात आहे. ट्रॉम्बेला अणुभट्ट्यांच्या नियंत्रणाची सहा-सात दशकांची परंपरा आहे, पवईच्या आयआयटीत नियंत्रणशास्त्राचं स्वतंत्र शिक्षण आहे, माटुंग्याच्या व्हीजेटीआयतून पिढ्यान्‌पिढ्या विद्युत अभियंते बाहेर पडतात. तोल जाणं म्हणजे काय हे या शहराला नव्याने सांगायची गरज नाही. १२ ऑक्टोबर २०२० च्या सोमवारी सकाळी दहाच्या सुमारास मुंबईची वीज गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या, आणि शहराला ग्रिडपासून तोडून स्वतःच्या केंद्रांवर चालू ठेवणारी ‘आयलंडिंग’ व्यवस्था त्या दिवशी उपयोगी पडली नाही. देशात विजेचा दुष्काळ नव्हता. मागणी आणि पुरवठा यांचा तोल गेला आणि तो सावरायला मिळालेला वेळ पुरला नाही. हा प्रश्न आणि प्लाझ्माचा प्रश्न गणिताच्या दृष्टीने सख्खे शेजारी आहेत. तरी आपल्या महाविद्यालयांत संमीलनावर बोलायला पदार्थविज्ञानाच्या विभागाला बोलावतात, विद्युत आणि इन्स्ट्रुमेंटेशनच्या मुलांना त्याची गंधवार्ताही नसते.

नोंदी जपण्याची या शहराची जुनी सवयही इथे उपयोगी आहे. १८५९ च्या सप्टेंबरात सूर्यावरच्या चुंबकीय उलथापालथीने पृथ्वीवर आजवरचं एक सर्वांत मोठं चुंबकीय वादळ आणलं. कुलाबा वेधशाळेतल्या निरीक्षकांनी क्षेत्राची नोंद नित्याप्रमाणे वहीत केली. ती वही जपली गेली, म्हणून जवळजवळ दीडशे वर्षांनी, २००३ मध्ये, शास्त्रज्ञांना त्या वादळाची तीव्रता काढता आली: सुमारे १,६०० नॅनोटेस्लाची घसरण. पुढे विजेच्या ट्रामचा व्यत्यय नको म्हणून हे काम अलिबागला हलवण्यात आलं, पण नोंदींची साखळी तुटू दिली नाही. आदित्य-यूच्या प्रत्येक शॉटच्या बाबतीत असंच व्हावं, विशेषतः कोसळलेल्या शॉटच्या बाबतीत. कोसळण्याआधीच्या शेवटच्या शंभर मिलिसेकंदांत प्रत्येक संवेदक काय सांगत होता, हे व्हीजेटीआयत तिसऱ्या वर्षाला असलेल्या मुलीला घरी बसून उघडून बघता आलं पाहिजे. कुठल्या क्षणी काय केलं असतं तर प्लाझ्मा वाचला असता, याचा प्रोग्रॅम तिने लिहावा आणि तो पुढच्या प्रयोगफेरीत खऱ्या यंत्रावर चालवून बघण्यासाठी वर्षातले काही दिवस राखून ठेवलेले असावेत. अणुऊर्जा विभागाने दरवर्षी सांगावं, की किती डिसरप्शनं झाली, त्यांतली किती आधी ओळखता आली, किती टळली आणि ओळखण्यात किती मिलिसेकंद हाताशी राहिले. हे चार आकडे तापमानाच्या आकड्याशेजारी छापले जाऊ लागले, तर प्रश्नोत्तरांतल्या दोन्ही पक्षांना निदान एकाच गोष्टीबद्दल भांडता येईल.